प्रभीचा हात कानाला पोचला

"आमची प्रभी शाळेत जायच्या आधीच पास हाय!" असं रावजीनं अख्ख्या चाळीत सांगून ठेवलं होतं. चौऱ्याहत्तर सालचा जून होता. पहिलीत घालताना जन्माचा दाखला कोण बघतंय? डोक्यावरून घेतलेला उजवा हात डाव्या कानाला लागला, की पोर शाळेच्या वयाचं झालं!

रावजीनं महिनाभर तालीम घेतली. कान धर, एका पायावर उभी राहा, ज्वारीतले खडे वेच. सगळं खुणांनीच. खोलीच्या भिंतीला लागून यंत्रमाग, दिवसभर खडखडाट! त्याची बायको केराबाई जेवायला बोलवायची तीसुद्धा तोंडापाशी हात नेऊन. नवराबायकोची भांडणंही हातवाऱ्यांनीच व्हायची.

शाळेत पद्मजाबाईंसमोर प्रभीनं न सांगताच कान धरला. एका पायावरही उभी राहिली. रावजीची छाती फुगली.

"शाब्बास! नाव काय तुझं?" बाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

प्रभी गप्प. रावजीनं बाईंच्या मागून घाईघाईनं हात हलवला. प्रभीनं लगेच दुसरा पाय उचलला!

"अहो, मागून शिकवू नका!" बाई कडाडल्या.

"उशिरा बोलती ओ बाई. मी बी ल्हानपणी असाच होतो की!"

इतक्यात शिपायानं प्रभीच्या मागंच टांगलेल्या घंटेवर टोला हाणला. रावजी दचकला, बाईंचं पेन उडालं, पोरं आरडत पळाली. प्रभी मात्र कान धरून बाईंकडं बघत हसत होती.

बाई उठल्या. तिच्या मागं जाऊन त्यांनी टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. मग हळूच म्हणाल्या, "हिला ऐकू येत नाही हो. आधी डॉक्टरांना दाखवा. इथं नाही घेता येणार."

"पण बाई, कान तर धरला की तिनं!" रावजी कळवळून म्हणाला.

परतताना सात रस्त्याच्या चौकात तो मुद्दाम मागं राहिला. प्रभी पुढं उड्या मारत चालली होती.

"प्रभे," त्यानं हाक मारली. मग मोठ्यानं. मग जीव खाऊन, "प्रभेऽऽ!"

पानवाला वळला, टांगेवाला वळला, टांग्याचा घोडासुद्धा वळला! प्रभी तेवढी वळली नाही.

"आवो, पोरगी पुढ्यातच हाय की तुमची!" टांगेवाला हसत म्हणाला. "येवढं बोंबलायला काय झालं?"

"व्हय की," रावजी म्हणाला, आणि भर रस्त्यात रडायला लागला.