नंदूदादाचा रेट

आमच्या नंदूदादाशी पैशांवरून घासाघीस केलीत, तर तो भांडत नाही. तुमच्या हातात थर्माकोलची भलीमोठी शीट देतो आणि म्हणतो, "धरा. उजेड मालावर पडला पायजे. हलायचं नाय."

नंदूदादा मूळचा चिखलोलीचा, आता बदलापुरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. लहान दुकानदारांना जाहिरातीसाठी फोटो आणि रील करून देणं हा त्याचा धंदा. 'एक बटण तर दाबायचं, त्याचे एवढे पैसे?' हे वाक्य त्याने जितक्या भाषांत ऐकलंय, तितक्या मला येतही नाहीत.

उल्हासनगरच्या एका फ्रॉकवाल्या शेठनी असंच ऐकवलं, "साईं, दो मिनट का तो काम है." नंदूदादा म्हणाला, "बराबर है. दो मिनट पकडो." शेठनी थर्माकोल धरला. मग फ्रॉकच्या सुरकुत्या निघाल्या, मग काचेत ट्यूबलाइट दिसली, मग रिक्षाचा हॉर्न, मग खुद्द शेठच्या पोटाची सावली. दुपारी शेठ स्वतःच्याच दुकानात काकुळतीला येऊन म्हणाले, "भाई, पानी तो पिलाओ." पैसे त्यांनी मुकाट्याने दिले, वर जेवायलाही नेलं. आता तेच इतरांना नंदूदादाकडे धाडतात आणि बजावतात, "रेट मत पूछना, हाथ दुखेगा."

'फोटोखाली तुमचं नाव टाकू, प्रसिद्धी मिळेल' म्हणणाऱ्याला तो सांगतो, "नाव बारशालाच ठेवलंय माजं. पैशाचं बोला." अंबरनाथला मेव्हण्याने हॉटेल काढलं, तेव्हा त्याच्याकडेही अर्धे पैसे आगाऊ मागितले. मेव्हणा रुसला. "दुसऱ्याकडून फोटोत बिर्याणी काळी करून घेईल, मग येईल," नंदूदादा म्हणाला. आला की!

अशा माणसाचं दार मी वाजवलं, कारण मला चकल्या विकायच्या होत्या. पन्नाशी उलटली, तरी स्वतःची म्हणून कमाई मी कधी पाहिली नव्हती. दिवाळीच्या ऑर्डरी या फोटोंवरच येणार होत्या. त्याने सांगितलेला रेट कमी करायला मी एका शब्दानेही सांगितलं नाही.

त्याने माझ्या ओट्यावर चकल्या मांडल्या, कॅमेरा लावला आणि विचारलं, "वहिनी, किलोचा भाव काय टाकू?"

मी सांगितला.

"यात तेल आलं, भाजणी आली, गॅस आला. तुमचं काय?"

"माझं काय त्यात? घरातच तर असते मी."

त्याने कॅमेरा पिशवीत घातला. "मग मी फोटो नाय काढत."

माझं डोकंच फिरलं. "माझा माल, माझा भाव! तू कोण रे मला शिकवणारा?"

मला वाटलं, आता काहीतरी खवचट बोलणार. तो स्टुलावर बसला.

"माजी आई गावातल्या हळदीला, लग्नाला तांदळाच्या भाकऱ्या करायची. दिवसभर चुलीपुढं. सगळे बोलायचे, हिच्यासारखी भाकर कुणाची नाय. हातावर कुणी काय ठेवलं नाय. आपलीच ना ती! मग तिलाच वाटायला लागलं, आपल्या कामाला किंमत नसते. शेवटी पोटात दुखायला लागलं, तर डॉक्टरचे पैसे मागायची लाज वाटली तिला. माज्याकडं मागायची, वहिनी. पोटच्या पोराकडं. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झालेला."

तो माझ्या खिडकीच्या पडद्याने डोळे पुसायला लागला. मी त्याला पदर दिला असता, पण त्याने मी माझेच डोळे पुसत होते.

मग मी भाव वाढवून सांगितला.

"अजून," तो म्हणाला.

मी आणखी वाढवला. नजर ओट्यावरच ठेवली.

"लाजू नका. अजून."

तिसऱ्यांदा मी डोळे मिटून आकडा सांगितला. नंदूदादाने मान डोलावली आणि कॅमेरा पुन्हा बाहेर काढला.

"आता सोऱ्या घ्या. चकल्या पाडताना तुमच्या हातांचा फोटो काढतो. त्याचे वेगळे पडतील."

"देईन की," मी म्हणाले आणि पीठ मळायला घेतलं.