‘नाजूक’ असं लिहिलेलं खोकं

सामान मीच बांधणार, असं मी जेवता जेवता जाहीर केलं आणि शुभाने (म्हणजे माझ्या बायकोने) हातातली भाकरी तशीच धरून माझ्याकडे बघितलं. या बघण्याचा अर्थ मला लग्नानंतर वर्षभरात कळायला लागला होता. अर्थ कळून उपयोग काहीच नसतो, हे कळायला मात्र बरीच वर्षं गेली.

“पुण्याहून ते पॅकिंगवाले येतात ना? सौमित्र म्हणत होता, मी बघतो म्हणून.”

“अगं, तहसील कचेरीत जन्म गेला माझा. निवडणुका काय, जनगणना काय, खोलीभर दप्तरं बांधून हलवलीत मी. चार भांडी नाही बांधता येणार?”

“दप्तरं पडली तर फुटत नाहीत,” शुभा म्हणाली आणि भाकरी मोडली.

तर मी निवृत्त झालो होतो आणि भोरला फ्लॅट घेतला होता. भोर माझं मूळ गाव. आमचा सौमित्र पहिलीत होता तेव्हा आम्ही वेल्ह्याला अंबूबाईंच्या दोन खोल्यांत राहायला आलो, ‘पुढची बदली होईपर्यंत’ म्हणून. बदल्या झाल्या, पण नसरापूर, भोर अशा एसटीच्या टप्प्यातच; खोल्या काही सुटल्या नाहीत. सौमित्रचं मात्र आता पुण्यात नोकरी करून पोट सुटलंय.

अंबूबाई भिंतीच्या पलीकडे, आम्ही अलीकडे, आणि पुढचा ओटा दोघांचा. त्यांचे मालक फार पूर्वी गेले. लेक मंगल भोंगवलीला दिलेली. थोडं भाताचं रान, एक म्हैस आणि अंगणभर कोंबड्या, एवढा त्यांचा संसार. संध्याकाळी त्या आणि शुभा ओट्यावर बसायच्या. समोर तोरणा, मांडीवर भाजीचं सूप. एकीने निवडायचं, दुसरीने बोलायचं. कोणी काय करायचं याला नियम नव्हता. मी जवळ गेलो की दोघींनी गप्प बसायचं, एवढा एकच नियम होता.

फ्लॅटचं पक्कं झालं त्या दिवशी शुभाने एकच विचारलं. “ओटा आहे का तिथे?”

“आहे की! ग्रॅनाइटचा आहे!” मी म्हणालो.

तिने विचारलेला ओटा आणि मी सांगितलेला स्वयंपाकघरातला ओटा यांत किती अंतर आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तेव्हापासून ती फारशी बोलेना. मला वाटलं, फ्लॅटचा आनंद पोटात मावत नसेल.

मी कामाला लागलो. मोबाईलवर ‘काचसामान सुरक्षित कसं बांधावं’ असे व्हिडिओ पाहिले. किराणा दुकानातून खोकी आणली. अंबूबाईंकडून भाताचा पेंढा घेतला, खोक्यांत अंथरला, मध्ये कपबशा, वर पुन्हा पेंढा. वरून चिकटपट्टी अशी गुंडाळली की खोकंच दिसेना. आणि प्रत्येकावर मार्करने झोकात लिहिलं: नाजूक. (प्रत्येकावर. तव्याच्या खोक्यावरही. हा विचार मी नंतर केला.)

अंबूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

“भाऊसायेब, यवडा पेंडा? म्हैस बांदताय का कप?”

“अंबूबाई, हे शास्त्र आहे. या खोक्यात अंडं ठेवलं ना, तरी फुटणार नाही!”

“अंडं?”

“अंडं!”

“बगा बरं,” त्या म्हणाल्या आणि विचार करत करत गेल्या.

जाण्याच्या दिवशी सकाळीच गोरखचा टेम्पो दारात आला. त्याची दोन माणसं आत-बाहेर करायला लागली. कपाट निघालं, पलंग निघाला. भिंतींवर चौकोनी डाग तेवढे राहिले. शुभा आत नुसतीच या खोलीतून त्या खोलीत जात होती. तेवढ्यात अंबूबाई डोक्यावर पदर घेत दारात आल्या.

“शुभाताई, मी निगते. भातात काम हाय माजं.”

“आत्ता? भात तर केव्हाच काढून झालं. आता कसलं काम भातात?”

“असतंय. काम काय, काडलं की असतंय.” त्या उंबऱ्याकडे बघत बोलत होत्या. “टेम्पो निगताना मी हितं न्हाई थांबायची. तुमी कुलूप घाला, किल्ली पनाळीत ठिवा.”

आणि त्या गेल्या. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. शुभा दाराच्या चौकटीला धरून बराच वेळ उभी होती. मी तिला हाक मारणार होतो; मारली नाही. (माझ्या हातून क्वचित असं शहाणपण घडतं.)

सगळं भरून झाल्यावर माझी नजर ओट्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे एक पेंढ्याचं खोकं राहिलं होतं, वर जुन्या लुगड्याचं फडकं टाकलेलं. मी तिथूनच ओरडलो, “शुभा, हे फडकं टाकलेलं तुझंच ना?”

आतून आवाज आला, “माझंच. आडवं करू नका, नीट न्या!”

(ती लोणच्याच्या बरणीबद्दल बोलत होती. बरणीवरही फडकंच बांधलेलं होतं.) बायकोने एवढं जपायला सांगितलेली वस्तू म्हणजे तिच्या माहेरचं काहीतरी असणार. मी फडकं हलवलंही नाही. वरून चिकटपट्टी मारली, बाजूला हात घालायची भोकं होती तेवढी सोडली, ‘नाजूक’ लिहिलं, आणि खोकं मागे न टाकता माझ्या मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसलो. गोरख, मध्ये शुभा आणि कडेला मी.

टेम्पो निघाला. तोरणा आरशात मागे मागे जायला लागला. आणि नसरापूरच्या अलीकडे मला तो आवाज ऐकू आला. अगदी बारीक, दाबलेला, घशातला. कुर्र... कुर्र.

शुभा रडत होती! तोंड खिडकीकडे ठेवून मी हळूच म्हणालो, “रडू नकोस गं. होईल सवय.”

“मी कुठे रडतेय?”

“बरं, नाही रडत.”

पुन्हा कुर्र. आता शुभाने माझ्या हातावर हात ठेवला. (असं चारचौघांत तिने साखरपुड्यातही केलं नव्हतं.)

“अहो, तुम्हीच नका मनाला लावून घेऊ. मला माहितीये, तुम्हालाही जड जातंय. दाखवत नाही तुम्ही.”

“मला? छे! मी कशाला...” असं म्हणता म्हणता मला कचेरीतून येताना ओट्यावर दिसणारा दिवा आठवला. मघाची अंबूबाईंची पाठ आठवली. माझे डोळे भरून आले, ते बघून तिचेही आले, आणि आम्ही दोघं एकमेकांची समजूत काढत भोरपर्यंत रडलो. मांडीवरचं खोकं ऊबदार लागत होतं, ते मी इंजिनाच्या नावावर लिहिलं. गोरखने मध्ये एकदा टेम्पो बाजूला घेऊन विचारलं, “सायेब, कुनी वारलंय का?”

फ्लॅटमध्ये सामान चढलं. शुभा म्हणाली, “आधी चहा करू.”

पातेलं कुठल्या खोक्यात? ‘नाजूक’मध्ये. साखर? ‘नाजूक’मध्ये. आम्ही एकेक उघडत गेलो. पहिल्या खोक्यात कपांचे कान निघाले. कप दुसरीकडे, तेही निम्मे. तिसऱ्यात माझी अख्खी निवृत्तीची भेट (एक काचेचा मोर) होती, आता तिचे बरेच मोर झाले होते. शुभा फक्त एकेक तुकडा वर्तमानपत्रावर मांडत होती, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

“निदान तुझं हे तरी शाबूत असेल,” असं म्हणत मी मांडीवरून आणलेल्या खोक्याची पट्टी फाडली आणि फडक्याखाली हात घातला.

हाताला कुणीतरी कडकडून चावलं.

मी ओरडलो. फडकं उडालं. आत पिसं फुलवून, लाल डोळ्याने माझ्याकडे बघत अंबूबाईंची खुडूक कोंबडी बसली होती, अंड्यांवर. टेम्पोतलं रडणं कुणाचं होतं, ते आम्हां दोघांना एकाच वेळी समजलं. त्याच क्षणी मोबाईल वाजला.

“भाऊसायेब, माजी कोंबडी कुठं हाय?”

“इथे आहे. म्हणजे ती... आली आमच्याबरोबर.”

“आली? पिशवी घिऊन यष्टीत बसली व्हय?”

“अहो, पण खोक्यात कुणी ठेवली तिला?”

“म्या ठिवली! टेम्पोवाल्यांच्या पायाखाली येती का काय म्हनून डालग्यातनं काडली आन् तुमच्या खोक्यात बसवली. तुमीच म्हनला न्हवं, ह्यात अंडं ठिवलं तरी फुटायचं न्हाई?” मग आवाज जरा खाली आला. “फुटली का वो?”

मी चावलेला हात सांभाळत कोंबडीच्या पोटाखाली बघितलं. “एकही नाही.”

“मंग खरं बोलला म्हनायचं तुमी. येकदा तरी.”

“मी उद्याच आणून देतो तिला.”

“हात लावू नगा! बसल्याली कोंबडी हलवायची न्हाई. हाललीया तेवडी पुरं. मीच येते तिकडं. म्हशीचं माजी जाऊ बगंल.”

दुसऱ्या दिवशी अंबूबाई आल्या, पिशवीत कण्या आणि शुभासाठी हरभऱ्याची भाजी घेऊन. कोंबडीला आम्ही बेडरूम दिली होती. आम्ही हॉलमध्ये झोपत होतो. अंबूबाईंनी फ्लॅट पाहिला. नळ सोडून पाहिले, ग्रॅनाइटवर हात फिरवला.

“घर झ्याक हाय. पर बसायचं कुठं?”

मी सोफा दाखवला.

“ह्येच्यावर न्हवं. बसायचं म्हंजे, येनारं-जानारं दिसाय नगं?”

संध्याकाळी बघतो तो फ्लॅटचं दार सताड उघडं, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर दोघी शेजारी शेजारी. मध्ये भाजीचं सूप. समोरच्या ब्लॉकमधल्या सुलक्षणाबाई पहिल्या दिवशी “जरा जाऊ का?” म्हणत वाट काढून गेल्या; दुसऱ्या दिवशी त्या तिथेच बसलेल्या दिसल्या. तिसऱ्या दिवसापासून मलाच घरात यायला-जायला वाट मिळेना. पण आतून मी ऐकत होतो. शुभा हसत होती, पोटातून, पूर्वीसारखी. ते हसणं कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं, हे मला ते ऐकल्यावर कळलं. मी पेपर तोंडापुढे धरून बसून राहिलो. जवळ गेलो असतो तर नियमाप्रमाणे दोघी गप्प झाल्या असत्या.

माझ्या मनात एक पापी इच्छा यायची, की अंडी जरा उशिराच फुटावीत. कोंबडीला ते मान्य नव्हतं. एका दुपारी आत टकटक झाली, आम्ही तिघं खोक्यावर वाकलो, आणि कवचातून एक ओलं, चिडलेलं डोकं बाहेर आलं. शुभाने माझी बाही घट्ट धरली होती. संध्याकाळपर्यंत खोकं चिवचिवाटाने भरून गेलं.

“आता जाया पायजे,” अंबूबाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी आम्ही त्यांना कोंबडी-पिल्लांसकट भोरच्या स्टँडवर सोडायला गेलो. इथे त्यांना पळून जायला भाताचं रान नव्हतं. अंबूबाई गाडीत खिडकीशी, शुभा खाली, दोघींनी एकमेकींचा हात धरलेला, आणि बोलत होत्या ते असं:

“पिल्लांना घारीपासून सांभाळा.”

“व्हय.”

“गुडघ्याला तेल लावत जा.”

“तुमी बी.”

गाडी गेली. शुभा मोकळ्या फलाटाकडे बघत राहिली. घरी आलो तर सुलक्षणाबाई पायरीवर बसलेल्या. “मावशी गेल्या?” म्हणाल्या आणि उठून आपल्या घरात गेल्या. आम्ही दार लावून घेतलं. मग फ्लॅटमध्ये फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला.

पुढचा रविवार आला. मी सकाळी म्हणालो, “मला जरा कचेरीत जायचंय. पेन्शनच्या कागदांचं काम आहे.” (रविवारी! पण शुभाने विचारलं नाही. यातच मला शंका यायला हवी होती.)

“जा की,” ती म्हणाली, “मीही भोंगवलीला मंगलकडे जाऊन येईन म्हणते.” आणि ती माझ्या आधीच बाहेर पडली.

मी आंघोळ करून, दोन गाड्या बदलून वेल्ह्यात उतरलो. बाजारातून खारे दाणे घेतले. घराजवळ पावलं आपोआप भराभर पडायला लागली. कोपऱ्यावरून वळलो, तर ओट्यावर अंबूबाई बसलेल्या, आणि शेजारी सूप घेऊन शुभा.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“मंगल इथे राहायला आली वाटतं?” मी विचारलं.

“आणि कचेरी आता ओट्यावर भरते?” शुभाने विचारलं.

अंबूबाई दोघांकडे बघून एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग मीही बसलो. खरंच सांगतो, त्या दिवशी मी जवळ असूनही दोघी गप्प झाल्या नाहीत. ऊन उतरलं, तोरणा निळा होत गेला, मंडळी येता-जाता “आला का भाऊसायेब?” म्हणत होती. मला एकदम भरून आलं. मी म्हणालो, “अंबूबाई, येते का हो आमची आठवण?”

“शुभाताईची येती की. कालवान उतरून ठिवलं की येती. सांजचं तर लईच.”

“आणि माझी?”

अंबूबाई शेंग सोलता सोलता थांबल्या. विचारात पडल्या. शुभाही त्यांच्याकडे बघायला लागली.

“तुमची बी येती,” त्या शेवटी म्हणाल्या. “लाईट गेली की येती.”

“लाईट?”

“व्हय. मी डोळं मिटून पडल्याली असायची, मला काय कळतंय लाईट हाय का गेली? तुमी अंदारात कशाला तरी ठेचकाळून वरडला, की समजायचं.” त्यांनी उसासा टाकला. “आता रातच्या रात लाईट न्हसती, भाऊसायेब, पर कुनी सांगनारं ऱ्हायलं न्हाई.”