टेरिटरीचे दाऊदभाई

मतं मोजायची वेळ आली की दाऊदभाई दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत. चुकून वर जायला नकोत म्हणून.

साठच्या दशकातली गोष्ट. दुबईच्या देरा भागात आम्हा रत्नागिरीकडच्या मुसलमानांची जमात होती आणि तिच्या कमिटीचा मी सेक्रेटरी. मत फक्त फॅमिलीवाल्यांना. बायको गावी ठेवून आलेला माणूस बॅचलर. दाऊदभाई तीन मुलांचे बाप, पण नियमाने बॅचलर. बॅचलरांनी आपला एक माणूस मीटिंगला पाठवावा, त्याने बोलावं, मत देऊ नये, असं ठरलं आणि दाऊदभाई आले.

दुसरा कोणी खट्टू झाला असता. हे खूश. ते अमेरिकन तेल कंपनीच्या गोदामात कामाला. तिथल्या गोऱ्या फोरमनने त्यांना सांगितलं होतं की पूर्वी अमेरिकेत जो मुलूख अजून राज्य झालेला नसे, त्याला टेरिटरी म्हणत. तिचा डेलिगेट काँग्रेसमध्ये बसे, भाषण करी, मत मात्र देत नसे. झालं, बॅचलरांची खोली ही टेरिटरी झाली. विषय पंख्याचा असो की मय्यतीच्या चादरीचा, दाऊदभाई उठत, "चेअरमनसाब, टेरिटरीतर्फे दोन शब्द." ते दोन शब्द चहा गार होईपर्यंत चालत.

"खलास करा आता, दाऊदभाई," चेअरमन म्हणत.

"बोलणं तेवढं आमचं, साहेब. बाकी सगळं तुमचंच आहे."

त्या वर्षी त्यांनी एकच मागणी धरली. ईदला बॅचलरांनाही फॅमिलीबरोबर जेवायला बसवा. त्यांच्या खोलीवर आम्ही बिर्याणीची डेग पाठवत होतो आणि माणशी हिशेब केला तर ती कमी नव्हती, हे मी आकड्यांनिशी दाखवलं.

"डेग भरून येते, सेक्रेटरीसाब," ते म्हणाले, "पण तिच्यातून पोरांचा आवाज येत नाही."

मागणी पडली. मधला मार्ग म्हणून कमिटीने ठराव केला की डेलिगेटने एकट्याने यावं, बसावं, मात्र जेवणाच्या थाळांच्या हिशेबात त्याला धरू नये.

ईदला ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि मुलांसाठी अंथरलेल्या दस्तरखानाशी बसले. हात मांड्यांखाली. शेजारच्या थाळावरून माझी लेक शबाना त्यांच्याकडे बघत होती.

"अंकल, व्हाय आर यू नॉट ईटिंग?"

"डेलिगेट हूँ, बेटा. सिर्फ बैठता हूँ." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "धाकट्याला अजून पाहिलं नाही मी. कसा जेवतो, कुणास ठाऊक."

शबानाने थाळ त्यांच्याकडे ढकलला. दाऊदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. सेक्रेटरीची हरकत आहे का, असं.

मी पाण्याचे पेले मोजू लागलो.

मोजून वर पाहिलं, तेव्हा त्यांचा उजवा हात बाहेर आला होता आणि शबानाला घास भरवत होता.