बदनापूरच्या विहिरीतला शार्क

हे लिहिण्याचा मला काय अधिकार, असं वाचणाऱ्याला वाटलं तर ते बरोबरच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि लिहिणं म्हणजे परीक्षेत लिहिणं, एवढंच आम्ही समजतो. त्यातून मला लिहायचं आहे शार्कविषयी, आणि मी समुद्र पाहिलेला नाही. आमच्या दुधना नदीचा पूर एकदा पाहिला. त्यात गाडीचं एक चाक आणि बरेच भोपळे वाहत होते, पण शार्क नव्हता. तेव्हा चुकीची माफी आधीच मागतो आणि सुरुवात करतो.

आमच्या बदनापूरला कचरूमामा कोणालाही अंगावर चांदी ठेवून विहिरीत उतरू देत नसत.

कचरूमामा माझ्या आईचे लांबचे भाऊ. शेती संशोधन केंद्रावर पिकांना पाणी देण्याचं काम करत आणि वस्तीच्या टोकाला एका खोलीत एकटे राहत. केंद्रामागच्या विहिरीत आम्ही सगळी पोरं त्यांच्याच हाताखाली पोहायला शिकलो. पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधण्याआधी मामा त्याच्या हातातलं कडं, गळ्यातली ताइताची पेटी, जे काय असेल ते काढून तंबाखूच्या डब्यात ठेवत. आमच्या वस्तीत चांदी फार नव्हती, त्यामुळे हे काम लवकर उरकायचं. चमकलं की ती येते, असं मामा म्हणत. ती म्हणजे मुशी. शार्कला समुद्राकाठी मुशी म्हणतात.

आमच्या विहिरीत बेडूक होते आणि एक म्हातारं कासव होतं. तिथं आजवर कोणालाही मुशी चावलेली नाही, हे मात्र खरं, आणि त्याचं श्रेय मामा स्वतःकडे घेत. कोणी हसलं तर शांतपणे विचारत, "एकाला तरी चावली का? मंग."

दुष्काळाच्या साली त्या विहिरीत घोटाभर चिखल उरला. गाळ काढायला बाया उतरत होत्या, तर मामांनी त्यांना पायातली जोडवी काढायला सांगितली. सोनाबाई नावाच्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझा नवरा जिता हाय मामा, जोडवी न्हाई निघायची. तुमच्या माशाला चिखल खायाचा असंल तर येऊ द्या." मामांनी यावर बराच विचार केला. शेवटी, जोडव्यांना आधी चिखल फासा आणि मग उतरा, अशी तोड त्यांनी काढली.

मामांना हे वेड लागलं कुठून, ते सांगायला हवं. तरुणपणी ते कामासाठी मुंबईला गेले. गोदीत हमाली केली आणि तिथून एका मालवाहू जहाजावर रंगकामाला लागले. जहाजावरच्या लोकांनी त्यांना नावानं कधी हाक मारली नाही. सगळे त्यांना बदनापूर म्हणायचे. त्या जहाजावर कोकणातला धोंडू नावाचा खलाशी होता. दोघं एका ताटात जेवत. मामांच्या सांगण्याप्रमाणे, त्या वेळी एका ताटात जेवायला बोलावणारा तो त्यांना भेटलेला पहिला माणूस. त्यानं जात विचारली नाही, आणि मामांनी त्याचं गाव विचारलं नाही.

एकदा परमुलखातल्या बंदरात जहाज उभं असताना हे दोघं बाहेरच्या बाजूनं फळीवर बसून रंग देत होते. फळीचा दोर तुटला आणि दोघंही पाण्यात पडले. पुढची गोष्ट बदनापुरात लहान पोरालाही पाठ होती, तरी लोक मामांना मुद्दाम सांगायला लावत. धोंडू समुद्राकाठचा, तो सरळ जहाजाच्या शिडीकडे निघाला. मामा पोहायला शिकले विहिरीत. विहिरीत आठ हात मारले की भिंत येते, मग वळावं लागतं. त्यामुळे समुद्रातही मामा आठ हात मारायचे आणि वळायचे. तेवढ्यात मुशी आली. मुशीची रीत अशी की आधी माणसाभोवती फेऱ्या मारायच्या.

"ती मला फेरी घालून राह्यली," मामा सांगत, "आन् मी तिला. कोन कोनाला घेरून राह्यलं, तिला बी कळंना."

इथं लोक हसून हसून लोळत. मामा हसत नसत. बिडी पेटवत आणि वाफ्याचं पाणी बदलायला निघून जात. गोष्ट तिथंच संपली असं सगळे धरून चालत.

पण जाण्याआधी नवा माणूस दिसला तर त्याला एक प्रश्न ठरलेला असे. तुमच्या ओळखीत समुद्राकडचं कोणी आहे का, आणि धोंडू नावाचा खलाशी त्यांना माहीत आहे का, जिता आहे का. बदलून आलेला पोस्टमास्तर, बियाणं न्यायला आलेले शेतकरी, स्टेशनात पॅसेंजर गाडी थांबली की खिडकीतले उतारू, कोणी सुटलं नाही. एकदा बाजारात तंबू ठोकून एक जण समुद्रातला राक्षस दाखवत होता. मामा आत गेले आणि ताडपत्रीवर रंगवलेला तो राक्षस त्यांनी नीट पाहिला. तंबूवाल्याला घाम फुटला, कारण हे जहाजवाले मामा, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. मामा त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "मासा खोटा हाय, ते असू द्या. तुम्ही कुठले?" तो निघाला परतूरचा, आमच्याच जिल्ह्यातला.

एका दिवाळीत माझ्या थोरल्या भावानं त्यांना चिडवलं की, मामा, इथं बसून परतूरवाल्यांना काय विचारता, कोकणात जाऊन बघा की. मामा उठून गेले. आमच्याकडे चार-पाच दिवस आले नाहीत, एवढंच.

मी जालन्याला कॉलेजात विज्ञान शाखेला गेलो. रोज सकाळच्या पॅसेंजरनं जायचो. दुसऱ्या वर्षी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक पत्र्याचा डबा उघडला. औषधाच्या उग्र वासानं डोळ्यांत पाणी आलं. आत हातभर लांबीचे करडे मासे रचून ठेवलेले होते. आमचे पाटकर सर म्हणाले, हा शार्क, याचं विच्छेदन तुम्हाला परीक्षेला आहे. मी इतका गडबडलो की शेजारच्या मुलाला बोटातली चांदीची अंगठी काढून ठेवायला सांगितली. त्यानं कारण विचारलं. मी ट्रे पुसायला घेतला.

पाटकर सर तरुण होते, कोकणातल्या एका बंदराच्या गावचे. मी भीत भीत त्यांना मामांविषयी सांगितलं. ते म्हणाले, घेऊन ये.

मामा धुतलेलं धोतर नेसून आले. सरांनी ट्रेमधला मासा दाखवला. मामा वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी माशाच्या डोक्यावरून दोन बोटं फिरवली, वासराच्या फिरवतात तशी.

"लेकरू हाय हे," ते म्हणाले.

सरांनी सांगितलं की ही जातच लहान असते, पूर्ण वाढलेला मासा आहे. मामांनी सरांकडे पाहिलं आणि पुन्हा माशाकडे. त्यांना ते पटलं नाही, पण शिकलेल्या माणसाला ते उलटून बोलत नसत. नंतर त्यांनी आपला ठरलेला प्रश्न विचारला. सर म्हणाले, आमच्याकडे धोंडू पुष्कळ, दिवाळीत गावी गेलो की चौकशी करतो, काही खूण सांगा.

मामा स्टूल ओढून बसले. मग म्हणाले, "एक पाय नसंल. जिता असला तर."

आजवर न सांगितलेला भाग मामांनी त्या दिवशी सांगितला, माशाच्या ट्रेशेजारी स्टुलावर बसून. धोंडू शिडीपाशी पोचला होता. त्यानं वळून पाहिलं, तर मामा अजून तिथल्या तिथं फिरत होते.

"त्यो शिडीला धरून उभा होता सर. वर गेल्ता म्हना ना. मी येडा फिरूनच राह्यलो, म्हनून परत आल्ता."

धोंडूनं येऊन मामांना मानेला धरून शिडीच्या दिशेनं ढकललं, आणि मुशीनं धोंडूला धरलं. लोकांनी होडी घालून त्याला ओढून काढलं, ते मामांनी पाण्यातून पाहिलं. तशीच होडी बंदरावरच्या दवाखान्याकडे गेली. मामांना मागून दोर टाकून वर घेतलं. जहाज त्याच दिवशी सुटलं. मामांनी मुंबईला उतरून काम सोडलं आणि पुन्हा समुद्राकडे तोंड केलं नाही.

मी विचारलं, "मामा, मग तुम्ही त्यांच्याकडं गेला का नाहीत? शोधलं असतं तर गाव सापडलं असतं."

"गेलो आन् दारात त्याची बायकू उभी राह्यली," मामा म्हणाले, "तर तिला काय सांगू?"

दिवाळीची सुट्टी संपली. पहिल्या रविवारी पाटकर सर कोणाला न कळवता पॅसेंजरनं बदनापूरला उतरले. मी त्यांना घेऊन केंद्रावर गेलो. मामा हरभऱ्याला पाणी देत होते. सरांना पाहून त्यांनी फावडं खाली ठेवलं, पण जवळ आले नाहीत. पाटाच्या पलीकडेच उभे राहिले.

सर म्हणाले, "धोंडू आहेत. आमच्या पलीकडच्या खाडीच्या गावात. गुडघ्याखाली पाय नाही. ओट्यावर बसून जाळी विणतात."

मामा बांधावर बसले. पाणी वाफा फोडून भलतीकडे जाऊ लागलं, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

सरांनी मग बाकीचं सांगितलं. शुद्ध हरपण्याआधी धोंडूंनी शेवटचं पाहिलं ते मामांना, पाण्यात, माशाजवळ. दवाखान्यात जाग आली तोवर जहाज गेलं होतं, आणि तिथली भाषा त्यांना येत नव्हती. बदनापूर बुडाला, असंच ते धरून बसले. कोणाच्या आईला हे कसं कळवायचं, म्हणून इकडे कधी निरोप धाडला नाही. नारळी पुनवेला सगळे समुद्राला एक नारळ देतात. धोंडू दोन देतात. दुसरा बदनापूरच्या माणसाचा.

"आपल्यात नारळ-बिरळ असलं काई करीत न्हाईत," मामा हळूच म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मी हाय म्हनून सांगितलं का त्याला?"

"सांगितलं," सर म्हणाले. "दोनदा सांगितलं. त्यांना खरं वाटलं नाही. म्हणाले, जिवंत असता तर आला असता."