बासुंदीच्या वासाचं पाडस

एका जंगलात, बाळांनो, ज्याचा त्याचा वास ज्याच्या त्याच्यापाशी होता. रानडुकराला चिखलाचा वास यायचा, कोल्ह्याला कोल्ह्याचा. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. वास आला की कोण आलं ते कळायचं, आणि थांबायचं की पळायचं ते ठरवता यायचं.

फक्त हरणांच्या पाडसांना वास नसायचा. हरिणी आपल्या पाडसाला दिवसातून चार वेळा चाटून स्वच्छ करायची आणि उंच गवतात झोपवायची. मग वाघ अगदी शेजारून गेला तरी त्याला पत्ता लागायचा नाही. हरणांच्या घराण्यातली ही रीत फार जुनी होती. इतकी जुनी, की ती कशासाठी आहे हे बऱ्याच हरिणी विसरून गेल्या होत्या.

पुढे जंगलाच्या कडेला पाहुण्यांसाठी एक बंगला झाला. तिथे सुट्टीत माणसं यायची. माणसांच्या पिशव्यांतून वानरं अत्तराच्या बाटल्या पळवायची. ही अत्तरं मोगऱ्याची किंवा वाळ्याची नव्हती. ती खाऊच्या वासाची होती. एक गुळपोळीचं, एक चॉकलेटचं, एक जळक्या साखरेचं. माणसं खाऊचा वास अंगाला का लावतात, ते मला विचारू नका. मी जंगलातली गोष्ट सांगते आहे.

शेंडेबाई नावाची एक वानरीण होती. ती सर्वांत उंच फांदीवर बसायची, त्यामुळे तिचं मत सगळ्यांना ऐकू जायचं.

"हे बघा," एक बाटली हुंगून ती म्हणाली, "उघडताच वेलची. घटकाभराने आटीव दूध. आणि संध्याकाळपर्यंत टिकते ती पातेल्याच्या तळाची खरवड. याला म्हणतात बासुंदी! ज्यांना कळत नसेल त्यांनी आपापला चिखल लावावा."

कळत नाही असं कोण म्हणेल? महिनाभरात सगळं जंगल हलवायाच्या दुकानासारखं घमघमू लागलं. ससे चॉकलेटचे झाले. डुकरीण गूळखोबऱ्याची झाली. एके सकाळी मुंग्यांची एक मोठी रांग लगबगीने आली, डुकरिणीच्या पायावर चढली, जरा थांबली, आणि आली तशी परत गेली. मुंग्यांना कुणी काही विचारलं नाही.

त्याच जंगलात निर्मळा नावाची हरिणी होती. तिला ठिपकू नावाचं एकच पाडस होतं. ती त्याला रीतीप्रमाणे चाटायची, गवतात झोपवायची आणि समाधानात असायची.

एकदा तळ्यावर डुकरीण भेटली.

"अगं बाई, ठिपकू इथेच होता होय? मला कळलंच नाही. काही वासच नाही गं त्याला! कुणाला दाखवलंस का?"

"तो पहिल्यापासून असाच आहे," निर्मळा म्हणाली.

"असू दे, असू दे. वाईट वाटून घेऊ नकोस. काही काही मुलांना उशिरा येतो."

निर्मळा त्या दिवशी गवत न खाताच घरी आली.

शेजारच्या बिळात साळूमावशी राहायची. ती साळिंदर होती. तिने कधी कुठलं अत्तर लावलं नव्हतं, कारण लावायला जवळ येणाऱ्याला काटे टोचायचे.

"मावशी, सगळ्यांची मुलं घमघमतात," निर्मळा म्हणाली. "माझ्या ठिपकूच्या शेजारून लोक निघून जातात, त्यांना कळतसुद्धा नाही."

"अगं वेडे, कळत नाही म्हणून तर तो आहे!"

पण निर्मळाचं लक्ष नव्हतं. वरून शेंडेबाईंची दवंडी ऐकू येत होती. येत्या पौर्णिमेला सकाळी तळ्याकाठी 'गोड बाळ स्पर्धा'. परीक्षक, वाघसाहेब.

"वाघ?" साळूमावशीचे सगळे काटे उभे राहिले.

"मग कोण?" शेंडेबाई वरून म्हणाल्या. "कुणाच्या वासाने तोंडाला पाणी सुटतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? शिवाय नियम आहे. परीक्षकांनी फक्त हुंगायचं, तोंड लावायचं नाही. त्यांनी झाडावर सही केली आहे."

खरंच, झाडावर नखांची लांबलचक सही होती.

"आणि तुमचं बाळ नाही वाटतं स्पर्धेत?" साळूमावशीने विचारलं.

"आयोजकांच्या मुलांना भाग घेता येत नाही," शेंडेबाईंनी शेपटी वर ओढून घेतली. "उगाच लोक बोलतात."

पौर्णिमा आली. निर्मळाने बासुंदीची अर्धी बाटली ठिपकूवर रिकामी केली. त्याला सटासट चार शिंका आल्या. तो सवयीने तिच्या जिभेपाशी मान घेऊन आला.

"आज नाही हं, राजा," ती म्हणाली. "चाटलं तर वास जाईल."

वाघसाहेब आदल्या दिवसापासून उपाशी होते. भरल्या पोटी निवाडा नीट होत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. सगळ्यांना ते फार पटलं.

पहिलं डुकरिणीचं पिल्लू. वाघसाहेबांनी हुंगलं.

"गूळ छान. खोबरं जरा खवट. दहापैकी सहा."

मग ससुल्या पुढे आला.

"चॉकलेट. फार लहान. पाच."

"वास लहान आहे का हो साहेब?" सशाच्या आईने विचारलं.

"वास नाही. तो."

मग ठिपकू पुढे झाला.

वाघसाहेबांनी डोळे मिटले. "वेलची," ते पुटपुटले. मग जरा वेळाने, "आटीव दूध." मग त्यांच्या मिशीवरून एक मोठा थेंब ठिपकूच्या डोक्यावर पडला. "अहाहा. खरवड!"

"दहापैकी दहा?" निर्मळाने हळूच विचारलं.

"थांबा. एकदा खात्री करून घेतो," वाघसाहेब म्हणाले आणि त्यांनी ठिपकूची मान तोंडात धरली.

नियमाची आठवण करून द्यायला कुणी पुढे झालं नाही. शेंडेबाई तर आणखी दोन फांद्या वर गेल्या. आणि निर्मळाला त्या एका क्षणात, ती जुनी रीत कशासाठी होती, ते सगळं आठवलं.

"थूऽऽ!"

ठिपकू चारी पायांवर गवतात पडला.

"थू! थू! कडू जहर!" वाघसाहेब जीभ गवतावर घासत होते. "वास बासुंदीचा आणि चव कंदिलातल्या रॉकेलची! माझी जीभ! माझ्या दाढा!" ते तळ्यात तोंड बुडवून घटाघटा पाणी प्यायले. वर आले तेव्हा तोंडाला फेस होता आणि मोठमोठ्या उचक्या लागल्या होत्या. "पुन्हा, उक्, पुन्हा या जंगलात पाऊल ठेवणार नाही. गोड वास आला तरी आता मला मळमळेल."

जाता जाता ते थबकले. कर्तव्यात कसूर करणारे ते नव्हते.

"दहापैकी दोन," म्हणाले, आणि उचक्या देत निघून गेले.

निर्मळा धावली. तिने ठिपकूला पोटाशी घेतलं, मानेवर जीभ फिरवली आणि तिचंही तोंड कडू झालं. तरी ती चाटत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"वाचला गं बाई तुझा ठिपकू!" साळूमावशी म्हणाली.

"हो मावशी," निर्मळा हुंदके देत म्हणाली. मग तिने डोळे पुसले आणि डुकरिणीकडे पाहिलं. "पण दोनच? त्या खवट खोबऱ्याला सहा?"

तात्पर्य: बाळांनो, माणसाने आतबाहेर सारखं असावं, असं तुम्हांला शाळेत शिकवतील. वहीत तसंच लिहा, पैकीच्या पैकी गुण मिळतील. पण कुणाच्या तोंडी पडायची पाळी आलीच, तर वासाने बासुंदी आणि चवीने रॉकेल असलेलं बरं. त्या दिवशी निर्मळाने खरी बासुंदी लावली असती, तर तिला दहापैकी दहा मिळाले असते.