घरटी एक नमुना

"...आणि घरटी एक नमुना उचलायचा, बाटलीत भरायचा, राजेसाहेबांपुढे ठेवायचा, आणि मग..."

एवढंच ऐकू आलं आणि तंबूचं दार लागलं. बाळांनो, टिटवी काही मुद्दाम ऐकत नव्हती हो. ती आपली तंबूच्या दोरीवर सहज बसली होती. सकाळपासून.

हे घडलं एका जंगलात. त्या जंगलातून एक ओढा वाहायचा. वरच्या अंगाला हत्ती, गवे आणि सिंहमहाराज. खालच्या अंगाला ससे, मुंगसं, साळिंदरं. वरचे गवे ओढ्यात डुंबायचे, आणि बाकीचंही सगळं तिथेच उरकायचे. तेच पाणी खालचे प्यायचे. वरची पिल्लं गुबगुबीत, खालच्यांना बारा महिने जुलाब. असं का होतं, ते शोधायला महाराजांनी डॉक्टर करकोचे यांना पाठवलं होतं. तो तंबू त्यांचाच.

टिटवीने बातमी खाली पोचवली.

"मग पुढे काय?" ससेकाकूंनी विचारलं.

"पुढचं ऐकू नाही आलं, काकू."

"बाटलीत भरून राजापुढे, म्हणजे दुसरं काय? लोणचं!"

साळिंदरीण भागूबाईनेही हे ऐकलं. तिचं पिल्लू आठ दिवस जुलाबाने आडवं होतं. त्याचे काटेसुद्धा उभे राहत नव्हते. डॉक्टर येतील, औषध देतील, म्हणून ती डोळे लावून बसली होती. आता तिने पिल्लाला बिळात आत सरकवलं आणि तोंडाशी पाला लोटला. सगळ्यांनीच आपापली आजारी पोरं लपवली.

डॉक्टर आले. माणूस, म्हणजे पक्षी, फार सभ्य. "शी" हा शब्द काही त्यांच्या चोचीतून निघेना.

"घाबरू नका. प्रत्येक घरातून फक्त एक... हे... नमुना द्या."

"कसला?"

डॉक्टरांनी मान वळवली. "सगळ्यांच्या घरात असतो तो."

ससेकाकूंचा चेहरा खुलला. "अहो, मग आधी सांगायचं! आमच्या घरात एकच नमुना आहे. जावईबापू, उठा!"

घरजावई आळस देत बाहेर आले. मुंगसांनी भाषणं ठोकणारा काका दिला. भागूबाईने नवऱ्याला पुढे ढकललं. "घेऊन जा. तीनदा जेवतो आणि चौथ्यांदा विचारतो, पान कधी वाढणार?"

डॉक्टर गोंधळले. पण तक्त्यात रकाना होता, 'नमुना मिळाला का?' त्यांनी 'होय' लिहिलं आणि सगळ्या नमुन्यांची वजनं घेतली.

चार दिवसांत अहवाल तयार झाला. खालच्या अंगाची प्रकृती वरच्यांपेक्षा ठणठणीत. भूक तर विशेष. विषमता आहे, पण उलटी. सबब, औषधांच्या पेट्या वर पाठवाव्यात.

पेट्या हत्तीच्या पाठीवर चढू लागल्या. इकडे पिल्लू डोळे उघडेना. भागूबाईने त्याला उचललं, तंबूत शिरली आणि टेबलावर, थेट अहवालावरच ठेवलं.

"अहो बाई, अभ्यास संपला! आता नुसता शिक्का मारायचा राहिलाय!"

"आधी ह्याला बघा, मग मारा शिक्का. लोणचं घालायचं तर माझं घाला."

तेवढ्यात पिल्लानेच शिक्का मारला. पातळ, हिरवट, पान एक ते पान सात.

डॉक्टरांनी चोच दाबली. मग वाकून नीट पाहिलं आणि हर्षाने ओरडले, "नमुना!"

"अगं बाई! हे हवं होतं?" भागूबाई म्हणाली. "मग तसं बोलायचं की, डॉक्टरसाहेब! घरोघरी पडलंय!"

पेट्या तिथल्या तिथे उतरल्या. पिल्लाला चमच्याचमच्याने मीठ-साखरेचं पाणी मिळालं, औषध मिळालं. तिसऱ्या दिवशी त्याने काटे फुलवून बापाला टोचलं.

भरलेली बाटली महाराजांपुढे गेली तेव्हा ते जेवायला बसले होते. त्यांनी लोणचं समजून झाकण उघडलं. मग बाटलीवरची डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, 'गव्यांच्या घाणीने ओढा नासलाय', आणि ताटावरून उठण्याआधीच हुकूम निघाला: गव्यांनी यापुढे सगळ्यांच्या पाणवठ्यांच्या खालच्या अंगाला जाऊन डुंबावं.

म्हणजे बातमी अगदीच खोटी नव्हती. बाटली भरली, राजापुढेही गेली. महाराजांनी ते खाल्लं मात्र नाही. टिटवी म्हणते, बोट लावलं होतं. खरं-खोटं महाराजांना ठाऊक.

तात्पर्य: बाळांनो, चारचौघांत घाण करू नये. खाली अहवाल असेल, तर मात्र जरूर करावी.