पायवाट कोण साफ करतंय?

डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं, तेव्हा नुसतं चालण्यापेक्षा एखादं पद घेऊन चालावं असं माझ्या मनात आलं. (नुसतं चालणाऱ्यावर कुत्रीसुद्धा मन लावून भुंकत नाहीत.) म्हणून गावाबाहेरच्या पायवाटांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीत मी नाव दिलं आणि ओढ्यापासून टेकडीपर्यंतची वाट माझ्या ताब्यात आली. काम सोपं. दर रविवारी ती चालायची, कुठे काटेरी फांदी आडवी आलीय, कुठे फाटक मोडलंय ते बघायचं आणि समितीच्या अध्यक्ष बाईंना कळवायचं. बाई म्हणजे रिटायर्ड मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर मी अजूनही हाताची घडी घालून उभा राहतो.

पहिल्याच रविवारी मला घबाड मिळालं. ओढ्यावरची फळी डगमगत होती! खात्री करायला मी तिच्यावर उड्या मारल्या, त्यामुळे ती जास्तच डगमगायला लागली. घरी येऊन हिला सगळं सांगितलं. जेवताना पुन्हा सांगितलं. मग ऑफिसात साहेबांना, दूधवाल्याला, एकदा तर चुकून फोन लागलेल्या एका अनोळखी गृहस्थांनाही. बाईंना रोज फोन करून फळीची तब्येत कळवत होतो ते वेगळंच.

फळी बदलली गेली आणि नंतर भलतंच घडायला लागलं. वाटेवर दोषच सापडेना. ऑफिसातून येताना मी बसच्या खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, बाभळीची भलीमोठी फांदी वाटेवर पडली होती. रविवारी उत्साहाने गेलो, तर फांदी गायब! फाटकाची निखळलेली कडी जागच्या जागी बसलेली. वर तिला तेलही घातलेलं.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दुसऱ्याची वाट फुकटात कोण साफ करेल? ज्याला काहीतरी लपवायचंय तोच! आणि त्या वाटेला लागून एकच माणूस राहत होता, तो म्हणजे पोल्ट्रीवाला. मी दिसलो की तो हसून नमस्कार करायचा. (निरपराध माणूस माझ्याकडे बघून कशाला हसेल?)

"तो त्या वाटेने काहीतरी चोरून नेतोय," मी जेवताना हिला म्हणालो.

"काय नेणार? अंडी?"

"अंड्यांच्या आड दुसरंच काहीतरी."

"अंड्याच्या आड मावणार तरी काय?"

"तेच तर शोधायचंय. अगं, तुझ्या हाताला काय झालं?"

हिने पटकन हात मागे घेतला. "मांजराने ओरबाडलं."

"आपल्याकडे मांजर कुठाय?"

"म्हणूनच ओरबाडलं. घरचं असतं तर ओरबाडलं असतं का?"

हे मला पटलं. शिवाय हल्ली दर शनिवारी माझा मेहुणा जेवायला यायचा आणि हात धुतले की दोघं बहीणभाऊ भाजी आणायला बाहेर पडायची, कोयता घेऊन. भोपळा आणायचा असेल, म्हणून मी तिकडेही लक्ष दिलं नाही. माझं सगळं लक्ष कोंबड्यांवर होतं.

शेवटी एका शनिवारी जेवण झाल्यावर ऑफिसात काम आहे असं सांगून मी निघालो आणि पायवाटेच्या कडेला घाणेरीच्या झुडपात जाऊन उकिडवा बसलो. आत बाभळीचे काटेही आहेत हे बसल्यावर कळलं. थोड्या वेळाने पोल्ट्रीवाला बादली घेऊन आला, झुडपासमोर थबकला, वाकून आत डोकावला आणि घाईघाईने निघून गेला. मी श्वास रोखून धरला होता, त्यामुळे त्याला मी दिसलो नाही.

मग वळणापलीकडून दबके आवाज आले.

"आवर लवकर. उद्या सकाळी येतील इकडे."

"येऊ देत. त्यांना काय दिसतंय?" हा आवाज बायकी होता.

"संशय आला तर?"

"आलाय की! पण पोल्ट्रीवाल्याचा. बरंच झालं."

तो आवाज माझ्या बायकोचा होता! आणि सोबत कुणी पुरुष! म्हणजे पोल्ट्रीवाला हसायचा तो यासाठी! मी गर्जना करून उठलो. म्हणजे गर्जना झाली, उठणं झालं नाही. पँट काट्यांनी धरून ठेवली होती.

"रानडुक्कर!" पुरुष ओरडला. झुडपावर कोयता उगारला गेला.

"मारू नका! मी माणूस आहे!"

"ताई," माझा मेहुणा आत डोकावून म्हणाला, "आपले भावोजीच आहेत."

पुढचा बराच वेळ दोघं मला झुडपातून सोडवत होती. पँटचा एक भाग तिथेच राहिला. वाटेच्या कडेला त्यांनी तोडलेल्या फांद्यांचा ढीग पडला होता.

"माझ्यासाठी एवढं करत होतीस?" मी गहिवरून हिला विचारलं.

"तुमच्यासाठी कुठलं? माझ्यासाठी," ही माझ्या पाठीतला काटा उपटत म्हणाली. "त्या एका फळीवर महिनाभर बोललात तुम्ही! झोपेतसुद्धा 'डावीकडून कुजलीय, डावीकडून' चाललेलं असायचं. शेवटी बाई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, काहीतरी करा, मला फोन उचलायची भीती वाटते. मग म्हटलं, वाटेवर बोलण्यासारखं काही ठेवायचंच नाही."

मेहुण्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी हिच्या हातांकडे पाहिलं, कोपरापर्यंत ओरखडे होते. आपल्या तोंडापेक्षा बाभळीचे काटे बरे, असं आपल्या बायकोला वाटावं! मला खरंच वाईट वाटलं. यापुढे पायवाटेबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं मी मनाशी ठरवलं.

समितीच्या सभेला ही मुद्दाम माझ्याशेजारी येऊन बसली. बाईंनी चष्मा लावला.

"पोल्ट्रीवाल्यांची तक्रार आहे. शनिवारी दुपारी पायवाटेवरच्या झुडपात एक संशयित इसम लपून बसला होता. कोंबडीचोर असावा."

मी गप्प. हिने माझा हात घट्ट दाबून धरला.

"वय पन्नाशीच्या पुढे. टक्कल."

मी गप्प.

"चेहरा बावळट."

मी मोठ्या कष्टाने गप्प.

"पोट इतकं सुटलेलं, की मांडीवर ठेवलेलं गाठोडंच वाटावं."

"उकिडवं बसल्यावर कुणाचंही पोट तसंच दिसतं हो!" मी ताडकन उठून म्हणालो.